पदवीपूर्वीं स्वभाषालेखनाची परीक्षा : कलकत्ता विद्यापीठाचा इ. स. १९०६ चा नियम

पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यास आपल्या भाषेंत चार पानें शुद्ध व सुसंगत लिहितां आलीं पाहिजेत, ही अपेक्षा आज कोणासहि वावगी वाटणार नाहीं. परंतु हिंदुस्थानांतील विद्यापीठांच्या इतिहासांत सुमारें चाळीस वर्षांचा काळ असा होऊन गेला कीं, त्या अवधींत ही परीक्षा न देतांच बी. ए. ची पदवी मिळत असे. इ. स. १९०६ (शके १८२८) मध्यें कलकत्ता विद्यापीठानें आपले नवे नियम केले, आणि त्यांत इंटरमिजिएट व बी. ए. या दोन्ही पायऱ्यांवर देशभाषेंतील लेखनाची परीक्षा सक्तीची ठरविली. या नियमाची पूर्वपीठिका काय, त्यापासून काय साधलें व काय साधलें नाहीं, आणि जुनीं हस्तलिखितें जमविणाऱ्या मंडळींचा त्याच्याशीं संबंध कोणता, एवढें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. लेखनाच्या कसोटीस तीन अंगें लागतात : शिक्षण, नमुना व परीक्षा. १९०६ च्या नियमानें यांपैकीं केवळ परीक्षा तेवढी दिली; शिक्षणाची तरतूद केली नाहीं. या दृष्टीनें तो नियम दुबळा होता. तथापि परीक्षा घ्यावयाची म्हटलें म्हणजे चांगलें लेखन कोणतें, हें कोणी तरी ठरवावें लागतें. तें ठरवितांना विद्यापीठास नमुन्यांचा शोध घ्यावा लागला, आणि त्या शोधाची वाट खेड्यापाड्यांतील पोथ्यांच्या गाठोड्यांपर्यंत जाऊन पोहोंचली.

(१) जुनी लेखनपरीक्षा

लेखनाची कसोटी ही कल्पना विलायतेहून आलेली नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत राजशासनें कशीं लिहावींत, याविषयीं एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत लेखाचे सहा गुण सांगितले आहेत : अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य व स्पष्टत्व. दोष पांच : अकांति, व्याघात, पुनरुक्त, अपशब्द व संप्लव. कागदपत्रें हाताळणाऱ्यांस या नांवांचा अर्थ सहज उमगेल. पत्र मळकट व अक्षर विषम किंवा फिकें, ही अकांति. पुढील मजकूर मागच्यास बाधक झाला, तर तो व्याघात. जेथें थांबावयास नको तेथें थांबणें व जेथें थांबावें तेथें न थांबणें, हा संप्लव. लेखक कसा असावा, हेंहि तेथेंच सांगितलें आहे : सर्व संकेत जाणणारा, चटकन् रचना करणारा, सुंदर अक्षराचा व लेख वाचण्यास समर्थ. कित्येक शतकें नांवानेंच ठाऊक असलेला हा ग्रंथ इ. स. १९०५ त म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयांत पोथीच्या रूपानें हातीं आला, व आर. शामशास्त्री यांनीं १९०९ त तो छापून प्रसिद्ध केला. म्हणजे कलकत्त्यास लेखनपरीक्षेचा नियम होत असतां, त्याच विषयावरील आपला सर्वांत जुना ग्रंथ नुकताच उजेडांत येत होता.

मराठी दफ्तरांतील पद्धति वाचकांच्या परिचयाची आहे. मुलानें धुळाक्षरें गिरवावींत, कित्ता वळवावा, मोडीचा हात बसवावा, आणि मग जुन्या कारकुनाच्या हाताखालीं उमेदवारी करीत मायने, शिरस्ते व हिशेबाची रीत शिकावी, असा क्रम होता. कोणास कोणता मायना लिहावा, पत्राचा आरंभ व शेवट कसा करावा, हें सांगणारीं मेस्तकें व लेखनप्रशस्तीचीं बाडें आजहि अनेक संग्रहांत सांपडतात. या व्यवस्थेंत शिक्षण, नमुना व परीक्षा हीं तिन्ही अंगें एकाच जागीं होतीं. ज्याचा हात बसला नाहीं, ज्याला मजकूर जुळवितां येत नाहीं, त्याच्या हातीं फडांतील कलम सहसा पडत नसे.

(२) फोर्ट विल्यम कॉलेज

इंग्रजी अमदानींत या गोष्टीस आरंभ झाला तो उलट्या बाजूनें. इ. स. १८०० मध्यें लॉर्ड वेलस्ली यानें कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज काढलें, तें कंपनीच्या तरुण इंग्रज नोकरांस या देशाच्या भाषा शिकविण्याकरितां. तेथें विल्यम केरी हा बंगाली, संस्कृत व मराठी या भाषा शिकवीत असे, व मराठीच्या कामीं वैजनाथ पंडित त्याचा साहाय्यकर्ता होता. शिकवावयाचें तर पुस्तकें पाहिजेत, आणि गद्य पुस्तकें तर छापील अशीं नव्हतींच. म्हणून तीं तयार करावीं लागलीं. केरीचें मराठी व्याकरण १८०५ त व मराठी कोश १८१० त श्रीरामपूर येथें छापला गेला. कोशांतील मराठी शब्द मोडी खिळ्यांनीं छापलेले असल्यामुळें तो ग्रंथ संग्राहकांस विशेष प्रिय आहे. बंगालींत रामराम बसूचें राजा प्रतापादित्यचरित्र १८०१ त निघालें, तेंहि याच कॉलेजाच्या गरजेपोटीं.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. परीक्षा आली कीं शिक्षण लागतें, शिक्षण आलें कीं नमुना लागतो, आणि नमुना नसेल तर तो निर्माण तरी करावा लागतो किंवा शोधून तरी काढावा लागतो. केरीच्या काळीं तो निर्माण केला गेला. शंभर वर्षांनंतर त्याच शहरीं हाच प्रश्न पुन्हां उभा राहिला, तेव्हां तो शोधून काढण्याकडे विद्वानांचें लक्ष गेलें.

(३) विद्यापीठांचा आरंभ व देशभाषांची उचलबांगडी

इ. स. १८५४ च्या वुडच्या खलित्याप्रमाणें १८५७ त कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें विद्यापीठें स्थापन झालीं. नमुना लंडन विद्यापीठाचा. त्या वेळीं हीं विद्यापीठें स्वतः शिकवीत नसत. कॉलेजें शिकवीत व विद्यापीठ परीक्षा घेई. ही घडण पुढील सर्व हकीकत समजण्यास अवश्य आहे. कारण जी संस्था फक्त परीक्षाच घेते, तिला एखाद्या विषयाचें महत्त्व पटलें तरी तो परीक्षेंत घालण्यापलीकडे तिच्या हातीं साधन नसतें.

प्रारंभीं देशभाषांस परीक्षांत जागा होती. प्रवेशपरीक्षेंत कांहीं विषयांचीं उत्तरें देशभाषेंत लिहिण्याची मुभा कलकत्त्यास होती. परंतु १८६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच हें चित्र पालटलें. उत्तरें इंग्रजींत लिहावींत असें ठरलें. आणि १८६४ च्या सुमारास एफ. ए. व बी. ए. यांच्या परीक्षांत दुसरी भाषा म्हणून संस्कृत, अरबी, फारसी, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषाच ठेवण्यांत येऊन देशभाषा वगळल्या गेल्या. मुंबईसहि त्याच दशकांत असेंच घडलें.

या बदलाच्या मुळाशीं केवळ तिरस्कार होता, असें म्हणणें इतिहासास धरून होणार नाहीं. अभिजात भाषेनें बुद्धीस शिस्त लागते, तिच्या व्याकरणाची परीक्षा नेमकी घेतां येते, आणि संस्कृत शिकलेला मनुष्य आपल्या भाषेस शब्दसंपत्ति आणून देईल, अशी प्रामाणिक समजूत पुष्कळांची होती. परंतु याच्या जोडीस आणखी एक मुद्दा असे, आणि तोच सर्वांत बोंचणारा होता : देशभाषांत अभ्यास करण्याजोगें वाङ्मयच नाहीं, गद्य तर नाहींच नाहीं. हा आक्षेप कोणी पोथ्या चाळून घेतला नव्हता. जें छापलें गेलें नाहीं तें नाहींच, असें त्यांत गृहीत धरलें होतें.

परिणाम असा झाला कीं, जो पदवीधर इंग्रजींत निबंध लिही व संस्कृत श्लोकाचा अन्वय लावी, त्याच्या स्वभाषालेखनाकडे विद्यापीठानें कधीं पाहिलेंच नाहीं. विष्णुशास्त्री चिपळूणकर व बंकिमचंद्र चट्टोपाध्याय हे त्या काळचे पदवीधरच होते, हें खरें. परंतु आपली लेखणी त्यांनीं विद्यापीठाबाहेर घडविली.

(४) १८९१ ते १९०६

या स्थितीस पहिला मोठा धक्का देण्याचा यत्न कलकत्त्यास १८९१ त झाला. त्या वेळीं गुरुदास बंदोपाध्याय हे तेथील पहिले हिंदी कुलगुरु होते, व त्यांनीं पदवीदानाच्या भाषणांत देशभाषांचा कैवार घेतला. त्याच वर्षीं आशुतोष मुखोपाध्याय यांनीं विद्यापीठापुढें अशी सूचना आणली कीं, वरच्या परीक्षांत अभिजात भाषांच्या जोडीस देशभाषांचीहि परीक्षा असावी. आशुतोषांचें वय तेव्हां अवघें सत्तावीस वर्षांचें. बंकिमचंद्रांनीं या सूचनेस पाठिंबा दिला. १८५८ च्या पहिल्या बी. ए. परीक्षेंत उत्तीर्ण झालेल्या दोघांपैकीं हे एक. आणि त्या दोघांसहि सहांपैकीं एका विषयांत थोडे गुण कमी पडल्यामुळें सिंडिकेटनें ते पुरे करून दिले होते, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. वंगीय गद्याचा सर्वांत मोठा लेखक बाजूस असूनहि सूचना फेटाळली गेली. पुढल्याच वर्षीं रवींद्रनाथ ठाकुरांनीं 'शिक्षार हेरफेर' हा निबंध लिहून परभाषेंतून होणाऱ्या शिक्षणाची मीमांसा केली.

मुंबईस हेंच कार्य महादेव गोविंद रानडे करीत होते. त्यांचा मार्ग वेगळा होता. मराठींत वाङ्मय नाहीं, या आक्षेपास त्यांनीं याद्या व आंकडे यांनीं उत्तर दिलें. मुंबई इलाख्यांत १८६४ अखेरपर्यंत छापलेल्या देशी ग्रंथांची यादी सर अलेक्झांडर ग्रँट यांनीं सरकारी हुकुमावरून केली होती. विद्यापीठांतून देशभाषा हटल्या त्याच दशकांत ग्रँट मुंबईचे कुलगुरु होते, हा योगायोग मोठा विलक्षण आहे. अशा याद्यांच्या आधारानें रानड्यांनीं १८९८ त मराठी वाङ्मयाच्या वाढीसंबंधीं आपलें टिपण तयार केलें. त्यांच्या खटपटीस फळ आलें तें अगदीं अखेरीस. १६ जानेवारी १९०१ रोजीं ते वारले, त्या सुमारास मराठीस एम. ए. च्या परीक्षेंत प्रवेश मिळाला. म्हणजे मुंबईनें शिखरावरचें दार उघडलें, बी. ए. च्या सर्वसाधारण विद्यार्थ्यास मराठी लिहितां येतें कीं नाहीं, हा प्रश्न तसाच राहिला.

इ. स. १९०२ त लॉर्ड कर्झननें टॉमस रॅले यांच्या अध्यक्षतेखालीं विद्यापीठांचें कमिशन नेमलें. त्याच्या शिफारशींत देशभाषेंतील रचना बी. ए. च्या अभ्यासक्रमाच्या प्रत्येक पायरीवर सक्तीची करावी, अशी एक सूचना होती. परंतु तिच्याच पोटांत दुसरी अशी होती कीं, या विषयाच्या अध्यापनाची आवश्यकता नाहीं. हीं दोन वाक्यें एकत्र वाचलीं म्हणजे त्या काळच्या अधिकाऱ्यांची दृष्टि स्पष्ट दिसते. मातृभाषा मनुष्यास आपोआप येते. तिच्यांत लिहितां येतें कीं नाहीं एवढें पाहिलें म्हणजे झालें, अशी ती दृष्टि होती.

१९०४ त विद्यापीठांचा कायदा झाला. १९०६ त आशुतोष मुखोपाध्याय कलकत्त्याचे कुलगुरु झाले, व १९१४ पर्यंत त्या जागीं राहिले. पंधरा वर्षांपूर्वीं हरलेली लढाई त्यांनीं आतां नव्या नियमांच्या रूपानें जिंकली.

(५) नियमाचें स्वरूप व गुणदोष

नियमाचा सारांश असा. बी. ए. च्या परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यास इंग्रजी व देशभाषेंतील रचना हे दोन विषय आवश्यक. बाकीचे त्याच्या पसंतीचे. इंटरमिजिएटलाहि अशीच योजना होती. भाषा बंगालीच असली पाहिजे असें नव्हतें. विद्यापीठाच्या क्षेत्रांत बोलल्या जाणाऱ्या इतर भाषांचीहि सोय होती. देशभाषेंत ठराविक पाठ्यपुस्तकांवर प्रश्न विचारण्याऐवजीं कांहीं ग्रंथ शैलीचे नमुने म्हणून सुचविले जात; विद्यार्थ्यानें ते वाचावेत व आपली रचना त्या धोरणानें करावी, अशी अपेक्षा असे.

गुण उघड आहे. चार दशकांनंतर प्रथमच विद्यापीठानें असें म्हटलें कीं, स्वभाषेंत नीट लिहितां येत नसेल तर पदवी मिळणार नाहीं. रसायनशास्त्र घेवो कीं तत्त्वज्ञान, प्रत्येक कला-पदवीधरास हें बंधन लागू झालें. भाषेचा मान यानें वाढला, आणि घरांत वडिलांस पत्रसुद्धां इंग्रजींत लिहिण्याची जी प्रौढी शिकलेल्यांत आली होती, तिला निदान कागदोपत्रीं तरी आळा बसला.

दोषहि तितकाच उघड आहे. कॉलेजांवर हा विषय शिकविण्याची सक्ती नव्हती. विषय शिकविला जात नाहीं, पण त्यांत उत्तीर्ण तर व्हावें लागतें, अशी स्थिति आली म्हणजे परीक्षक उदार होतो व विद्यार्थी निश्चिंत राहतो. इ. स. १९१७ ते १९१९ या काळांत मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखालीं कलकत्ता विद्यापीठ कमिशन बसलें. आशुतोष त्याचे एक सभासद होते. मातृभाषेचा पद्धतशीर अभ्यास उपेक्षिला जात आहे, असा त्या कमिशनच्या अहवालाचा सूर होता. म्हणजे केवळ प्रश्नपत्रिका काढून लेखन सुधारत नाहीं, हा धडा दहा-बारा वर्षांतच मिळाला. जुन्या फडावरील कारकुनास हें सांगण्याची गरज पडली नसती. कित्ता न देतां हात तपासण्याची रीत तेथें नव्हती.

आणखी एक अडचण होती. चूक कोणती हें ठरविण्यास नियम पाहिजे. एकच शब्द तीन लेखक तीन प्रकारांनीं लिहीत असतां परीक्षकानें गुण कशावर कापावे? कलकत्ता विद्यापीठानें शेवटीं राजशेखर बसू यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमून १९३६ त बंगाली शुद्धलेखनाचे नियम प्रसिद्ध केले. ज्या विद्यापीठानें १९०६ त लेखनाची परीक्षा लावली, त्याच विद्यापीठावर तीस वर्षांनीं लेखनाचे नियम बांधण्याचें काम येऊन पडलें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

(६) नमुन्यांचा प्रश्न व पोथ्यांचा शोध

आतां संग्राहकांच्या जिव्हाळ्याच्या भागाकडे वळूं. शैलीचे नमुने सुचवावयाचे, तर ते कोणाचे? विद्यासागर व बंकिमचंद्र यांच्यापर्यंत जातां येई. परंतु त्यांच्या मागें काय? बंगालींत वाङ्मय नाहीं म्हणणाऱ्यांस उत्तर द्यावयाचें तर तें छापील पुस्तकांच्या दुकानांत मिळण्यासारखें नव्हतें.

या कामीं दिनेशचंद्र सेन (१८६६–१९३९) यांचें नांव सर्वांआधीं घेतलें पाहिजे. कुमिल्ला येथें शाळेचे मुख्याध्यापक असतां त्यांनीं त्रिपुरा भागांतील खेडीं पायीं हिंडून घरोघरच्या पोथ्या पाहिल्या, आणि त्यांच्या आधारानें १८९६ त 'बंगभाषा ओ साहित्य' हा इतिहास लिहिला. कोणत्याहि विद्यापीठाचा त्यांस या शोधासाठीं आश्रय नव्हता. आशुतोषांनीं हें काम हेरलें व त्यांस विद्यापीठांत आणलें. त्यांच्या व्याख्यानांतून बंगाली भाषा व वाङ्मय यांचा इंग्रजी इतिहास १९११ त विद्यापीठानें छापला. आणि १९१४ त जुन्या बंगाली लेखनांतील वेंच्यांचा 'बंगसाहित्य परिचय' हा दोन भागांचा संग्रह निघाला. हा संग्रह म्हणजे नमुन्यांच्या प्रश्नास दिलेलें सविस्तर उत्तरच होय.

याच सुमारास दुसरेहि मोठे शोध लागले. हरप्रसाद शास्त्री यांस १९०७ त नेपाळांत चर्यापदांची पोथी मिळाली. वसंतरंजन राय यांस १९०९ त बांकुडा जिल्ह्यांतील एका खेड्यांत गोठ्याच्या माळ्यावर श्रीकृष्णकीर्तनाची पोथी सांपडली. हे दोन्ही ग्रंथ १९१६ त वंगीय साहित्य परिषदेनें प्रसिद्ध केले. हे शोध परीक्षेच्या नियमामुळें लागले, असें आमचें म्हणणें नाहीं. त्या संशोधकांची प्रेरणा स्वतंत्र होती. परंतु पोथी सांपडणें एक, आणि ती शिकवून तिच्यावर पिढ्या तयार करणें दुसरें. तें दुसरें काम १९१९ मध्यें झालें. त्या वर्षीं कलकत्ता विद्यापीठानें हिंदी देशभाषांचा एम. ए. चा अभ्यासक्रम सुरू केला, आणि वसंतरंजनांसारखा पोथ्यांत रमणारा मनुष्य तेथें अध्यापक झाला. विद्यापीठाच्या आश्रयानें हजारों बंगाली पोथ्या एकत्र आल्या. ज्या विषयाच्या अध्यापनाची गरज नाहीं असें १९०२ त ठरलें होतें, त्याचें अध्यापन सतरा वर्षांनीं सर्वोच्च पायरीवर सुरू झालें.

या वातावरणाचा मराठी इतिहासासहि लाभ झाला. देवदत्त रामकृष्ण भांडारकर हे १९१७ पासून १९३६ पर्यंत तेथें प्राचीन इतिहासाचे कारमायकेल प्राध्यापक होते. सुरेंद्रनाथ सेन यांनीं मराठी भाषेचा अभ्यास करून सभासदाच्या बखरीचें इंग्रजी भाषांतर, इतर बखरींतील उताऱ्यांसह, 'शिव छत्रपति' या नांवानें १९२० त प्रसिद्ध केलें. तें कलकत्ता विद्यापीठानेंच छापलें. १९२३ त त्यांचा मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथ निघाला. जिंजी येथें राजाराम महाराजांच्या काळीं लिहिलेलें एक मराठी गद्य सव्वादोनशें वर्षांनीं गंगाकाठच्या विद्यापीठांत अभ्यासिलें जावें, हें लहानसहान नव्हे.

(७) महाराष्ट्राचा संबंध

या नियमाची महाराष्ट्राशीं एक अशी गांठ आहे कीं जी थोडक्यांत हुकली. नागपुरांतील हिस्लॉप कॉलेज व मॉरिस कॉलेज हीं प्रारंभीं कलकत्ता विद्यापीठास जोडलेलीं होतीं. १९०४ च्या कायद्यानंतर मध्य प्रांताची जोडणी अलाहाबादेकडे गेली. नागपूरचें स्वतंत्र विद्यापीठ १९२३ त झालें. म्हणजे कलकत्त्यानें मातृभाषालेखन आवश्यक केलें त्याच्या दोनच वर्षें आधीं नागपूरचे मराठी विद्यार्थी त्या विद्यापीठाच्या कक्षेबाहेर पडले होते.

मराठींत गद्य नाहीं, हा आक्षेप ज्या काळीं घेतला जात होता, त्या काळची वस्तुस्थिति आतां आपणांस ठाऊक आहे. महानुभाव पंथाचें तेराव्या शतकापासूनचें गद्य सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत मठामठांतून बांधून ठेवलेलें होतें. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं विसाव्या शतकाच्या प्रारंभीं सकळ लिपीचा उलगडा केला, आणि लीळाचरित्र छापील रूपानें हरि नारायण नेने यांनीं १९३६ च्या सुमारास नागपुरांतून प्रसिद्ध केलें. दुसरीकडे राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ त निघाला. रानड्यांचें टिपणहि त्याच वर्षाचें. एकानें छापील ग्रंथांची मोजदाद केली, दुसऱ्यानें पेशवाईंतील पत्रें जशींच्या तशीं पुढें ठेवलीं. मुत्सद्द्यांच्या त्या पत्रांत जी अर्थाची नेमकी मांडणी व शब्दांचा आटोपशीरपणा आहे, तो पाहिल्यावर मराठींत नमुने नाहींत असें म्हणण्यास कोणाची जीभ रेटली नसती. राजवाडे स्वतः डेक्कन कॉलेजचे पदवीधर. त्यांच्या पदवीच्या वेळीं बी. ए. च्या परीक्षेंत मराठीस जागा नव्हती.

शिक्षणाच्या बाजूनें महाराष्ट्रांत याहून धाडसाचें पाऊल पडलें तें १९१६ त. धोंडो केशव कर्वे यांनीं महिला विद्यापीठ स्थापून मातृभाषा हेंच शिक्षणाचें माध्यम केलें व इंग्रजी हा आवश्यक विषय ठेवला. तेथें स्वभाषालेखनाची वेगळी परीक्षा लावण्याचें कारणच उरलें नाहीं. कारण प्रत्येक विषयाची उत्तरपत्रिका हीच त्या लेखनाची परीक्षा झाली. कलकत्त्याचा नियम व पुण्याचा प्रयोग यांत केवळ दहा वर्षांचें अंतर आहे, पण विचारांत पुष्कळ अंतर आहे. पहिल्यानें भाषेस एक प्रश्नपत्रिका दिली, दुसऱ्यानें तिला सगळें विद्यापीठ दिलें. तथापि पहिल्या पायरीवांचून दुसरीस लोकमान्यता मिळाली असती कीं नाहीं, याचा विचार निःपक्षपातीपणें झाला पाहिजे. खुद्द कलकत्त्यास पदवीदानसमारंभांत बंगालींतून भाषण होण्यास १९३७ साल उजाडावें लागलें. तें भाषण रवींद्रनाथांचें होतें.

(८) संग्राहकांस सूचना

वरील हकीकतीवरून जो निष्कर्ष निघतो तो आजहि उपयोगी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें १९९० त नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०२३ त, इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसहि उत्तरें स्थानिक भाषेंत लिहूं द्यावींत असें विद्यापीठांस सुचविलें; म्हणजे १८६० नंतर जी मुभा काढून घेण्यांत आली, ती दीडशें वर्षांहून अधिक काळानें परत देण्याची गोष्ट निघाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. ज्या 'अभिजात' शब्दाच्या आधारें तिला एकदां बी. ए. च्या परीक्षेबाहेर ठेवलें गेलें, तोच शब्द आतां तिच्या नांवामागें लागला आहे. परंतु परवानगी व दर्जा यांनीं लेखन येत नाहीं. तें शिक्षण व नमुना यांनींच येतें, आणि नमुने जपण्याचें काम पुष्कळ अंशीं खाजगी संग्राहकांकडे आहे.

म्हणून आमची विनंति अशी. जुन्या पोथ्या व फर्मानें जमवितांना शाळा-कॉलेजांतील लेखनाचे कागद रद्दींत जाऊं देऊं नयेत. विद्यापीठांच्या जुन्या कॅलेंडरांत नियम व प्रश्नपत्रिका छापलेल्या असतात. पण विद्यार्थ्यानें प्रत्यक्ष काय लिहिलें, हें त्यांवरून कळत नाहीं. उत्तरपत्रिका सहसा जपून ठेवल्या जात नसत. यामुळें विद्यार्थ्यांच्या घरीं राहिलेल्या निबंधांच्या वह्या, शिक्षकाच्या तांबड्या शाईच्या खुणा असलेले कागद, मोडीचे कित्ते, भाषांतराचे कच्चे खर्डे, यांची किंमत फार आहे. असा कागद मिळाल्यास विद्यार्थ्याचा वर्ग, गांव व साल यांची नोंद त्यावरच न करतां वेगळ्या चिठ्ठीवर करून ठेवावी, व वहीचीं पानें सुटीं करूं नयेत. तारीख नसेल तर लेखनपद्धतीवरून कांहीं अनुमान बांधतां येतें : १९६२ त मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम मान्य झाले व व्युत्पत्तीवर आधारलेले अनुस्वार शालेय लेखनांतून गेले. तेव्हां 'केलें' व 'केले' यांतील एका टिंबावरूनहि वहीचें वय सुचूं शकतें. मात्र जुन्या वळणाचे शिक्षक नंतरहि तें टिंब देत राहिले असणें शक्य असल्यामुळें, केवळ त्यावर विसंबूं नये.

मेस्तकें, कित्ते, केरीचा कोश, राजवाड्यांचे खंड आणि विद्यार्थ्याची निबंधाची वही हीं एकाच साखळीचीं कडीं आहेत. पहिलीं बहुतेक कडीं आपल्या संग्रहांत आलीं आहेत. शेवटचें कडें अद्यापि घरोघरच्या माळ्यांवर पडून आहे. तें वेळींच मिळवावें, एवढेंच सांगणें आहे.